वाटणीतून राहून गेलेल्या भगिनी

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, उत्पत्ती १६:१-१४, रूथ २:१-१६



यरुशलेमेतील पहिल्या मंडळीविषयी बोलताना आपण बहुधा प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायापाशी थांबतो. सर्व काही समाईक होते, कोणाला काही उणे नव्हते, हे वाचून मन सुखावते. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनावर उपदेश मात्र आम्ही फारसे ऐकले नाहीत. तेथे कुरकुर आहे, आणि कुरकुरीवर उपदेश कोण करील?

त्या वचनात काय घडले ते सावकाश पाहू या. मंडळीत विधवांसाठी रोज वाटणी होत असे. योजना चांगली होती आणि वाटणारे लोक देवभीरू होते. तरीही हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहूदी कुटुंबांतल्या विधवा, त्या वाटणीतून राहून जात होत्या. विधवांना मदत मिळत होती. हेल्लेणी लोकांनाही मंडळीत जागा होती. परंतु जी विधवाही होती आणि हेल्लेणीही होती ती मधल्या फटीत पडली. कोणी हट्टाने अन्न नाकारले असे लूक लिहीत नाही. वाईट हेतू नसतानाही असे होऊ शकते, ही या वचनातली जड गोष्ट आहे.

या महिन्याच्या अभ्यासात आम्ही या फटीविषयी लिहिणार आहोत. कारण सुरतेतल्या आमच्या मंडळीत ती फट आम्ही पाहिली, आणि ती पाडणाऱ्यांत आम्हीही होतो.

सुरतेतली एक भगिनी

सुरत वाचकांना कापडासाठी आणि हिऱ्यांसाठी माहीत आहे. जळगाव-उधना रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहतात. पुष्कळ पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीने राबतात. स्त्रियांचे काम घरात चालते : साडीला लेस लावणे, खडे व टिकल्या चिकटवणे, भरतकामाचे सुटे धागे कापणे. साड्यांचा गठ्ठा ठेकेदाराचा माणूस आणून टाकतो व मजुरी नगावर मिळते. दिवसाचे आठ-दहा तास मान खाली घालून हे काम करणारी बाई, तुम्ही काय करता असे कोणी विचारले, तर "घरीच असते" असे सांगते.

काही वर्षांपूर्वी अशा एका वस्तीतल्या प्रार्थनासभेला एक भगिनी येऊ लागली. ती नवापूर तालुक्यातली, मावची समाजाची. बाप्तिस्मा गावाकडच्या मंडळीत झालेला. मराठी समजत असे, पण बोलताना अडखळे. नवऱ्याने दुसरी बायको करून हिला टाकले होते, आणि पदरी सात वर्षांचा मुलगा होता. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

तिला मदत करावी असे सर्वांनाच वाटले. मंडळीचा विधवा-निधी होता. परंतु ही विधवा नव्हती, नवरा जिवंत होता. महिला मंडळाचा शिवणवर्ग होता. त्याला सातवी पास असण्याची अट होती व वर्ग रविवारी दुपारी चार ते सहा भरे. सोमवारी सकाळी माल द्यायचा असल्याने रविवारची दुपार म्हणजे तिच्या आठवड्यातला सर्वांत ओढीचा वेळ. आदिवासी म्हणून मुलाला काही सवलत मिळेल का हे पाहिले. दाखला महाराष्ट्राचा निघाला. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार असतात, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यास तेथील सवलती मागता येत नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आहे. (नवापूरचे स्टेशन ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की ते अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावर एक बाकडे असे आहे की एका टोकाला बसले तर महाराष्ट्र व दुसऱ्या टोकाला बसले तर गुजरात. त्या बाकड्यावर सरकून बसण्याइतक्या अंतरात तिच्या दाखल्याचे मोल बदलते.) कामगार म्हणून काही मिळेल का म्हणावे, तर मालक कोण हे तिला सांगता येईना, तिला ठाऊक होता तो फक्त गठ्ठा आणणारा. आणि रेशनकार्ड होते सासूच्या नावाने, सासूच्या घरी.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबावे लागेल. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला तेव्हा रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव असावे, असे त्यात मुद्दाम घातले गेले. उद्देश चांगला होता. पण घरातली सर्वांत मोठी स्त्री म्हणजे बहुधा सासू. स्त्रियांसाठी केलेली सोय एका स्त्रीला मिळाली आणि दुसरी त्याच सोयीमुळे दाराबाहेर राहिली.

प्रत्येक दारी मिळालेले उत्तर त्या त्या दाराच्या नियमाप्रमाणे बरोबर होते, आणि पाचही दारांवरून ती रिकाम्या हातांनी परतली. त्यांतली दोन दारे आमची होती.

दिवाळीनंतर ती सभेला दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, बारडोलीकडे ऊसतोडीला गेली. ऊसतोडीत कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे, माणसांची जोडी. पुरुष ऊस तोडतो, बाई साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. उचल आणि मजुरी जोडीच्या हिशेबाने ठरते व पैसे बहुधा पुरुषाच्या हाती पडतात. खानदेशातून दक्षिण गुजरातेत येणाऱ्या या मजुरांविषयी यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७०च्या दशकापासून पुष्कळ लिहून ठेवले आहे. एकट्या बाईचा कोयता होत नाही, म्हणून ती भावाच्या जोडीने गेली. उचल भावाने घेतली. मुलाची शाळा सुटली. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी झाली तेव्हा, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या २०१९ च्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. गरिबी पुरुषाचीही होते. पण ती बाईच्या शरीरावर वेगळ्या रीतीने उतरते.

चार रस्ता

अशा फटीविषयी अलीकडे विद्वान लोक 'इंटरसेक्शनॅलिटी' असा एक जड शब्द वापरतात. तो किम्बर्ली क्रेनशॉ या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कायदेपंडित बाईंनी १९८९ साली रूढ केला. शब्द राहू द्या, त्यामागचा खटला ऐका. जनरल मोटर्स या मोटारी बनविणाऱ्या कंपनीच्या एका कारखान्यात १९६४ पूर्वी एकही कृष्णवर्णीय स्त्री कामावर घेतली गेली नव्हती. पुढे मंदी आली, तेव्हा शेवटी आलेल्यांना आधी काढावयाचे असा नियम लागला आणि या स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या. पाच जणींनी दावा केला. न्यायालयाने १९७६ साली म्हटले की कंपनीने स्त्रिया पूर्वीपासून घेतल्या आहेत, तेव्हा स्त्री म्हणून अन्याय सिद्ध होत नाही. वर्णाची तक्रार असेल तर ती स्वतंत्र आहे. दोन्ही एकत्र करून नवी तक्रार करता येणार नाही. कचेरीत घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कारखान्यात घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते. या पाच जणी कोणत्याच रकान्यात बसेनात.

क्रेनशॉबाईंनी दाखला दिला तो चौकाचा. चौकात उभ्या असलेल्या माणसाला एका रस्त्याने येणारी गाडी ठोकरू शकते, दुसऱ्या रस्त्याने येणारी ठोकरू शकते, किंवा दोन्हीकडून एकदम. सुरतेत चौकाला 'चार रस्ता' म्हणतात. आमच्या त्या भगिनीला टाकलेली बाई, आदिवासी, परप्रांतीय आणि घरबसल्या मजूर, असे चारही रस्ते एकाच ठिकाणी लागले होते. आम्ही मात्र एकेका रस्त्याच्या कडेला उभे राहून, येथून तर काही आले नाही, असे सांगत होतो.

एका वडिलांनी आम्हाला विचारले, "बाहेरचे हे ज्ञान मंडळीत कशाला? ख्रिस्तात स्त्री-पुरुष, यहूदी-हेल्लेणी हा भेद उरत नाही, असे पौल गलतीकरांस लिहितो ना?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि पत्रातले ते वचन खरे आहे. पण प्रेषितांपुढे कुरकुर आली तेव्हा, आपण सर्व ख्रिस्तात एक आहोत, तुम्ही भेद काढू नका, असे उत्तर त्यांनी दिले नाही. त्यांनी सभा बोलावली आणि सात जण निवडावयास लावले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव : सातही नावे ग्रीक. ज्यांच्या विधवा राहून जात होत्या, त्यांच्या ओळखीच्या माणसांच्या हाती वाटणी दिली. त्या सातांत एकही स्त्री नव्हती, हेही वाचकांनी पाहून ठेवावे. आम्हाला ती गोष्ट लपवावीशी वाटत नाही.

हागार आणि रूथ

आता उत्पत्तीचा सोळावा अध्याय घ्या. सारायच्या वाट्याला वांझपणाचे दुःख होते, आणि त्या काळी ते लहान दुःख नव्हते. पण त्याच तंबूत हागारही स्त्री होती. ती दासी होती, परक्या देशाची होती, आणि आपल्या पोटी मूल कोणाचे व्हावे हे ठरविण्याचा हक्क तिला नव्हता. सारायने तिला छळले. स्त्रीचे दुःख स्त्रीच जाणते असे आपण महिला रविवारी सहज बोलून जातो. हा अध्याय तसे म्हणू देत नाही. अब्राम व साराय तिला दासी म्हणून बोलतात. तिला नावाने हाक मारणारा या अध्यायात पहिला कोण, तर रानातल्या झऱ्यापाशी भेटलेला परमेश्वराचा दूत. तो आज्ञा पुढे सांगतोच, पण आधी दोन प्रश्न विचारतो : कोठून आलीस आणि कोठे चाललीस. आमच्या मंडळीच्या अर्जात पतीचे नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि शिक्षण हे रकाने होते. हे दोन प्रश्न नव्हते.

रूथची गोष्ट अधिक व्यवहारी आहे. शेतात गळालेली कणसे परक्यांसाठी, अनाथांसाठी व विधवांसाठी सोडावी, असा नियम मोशेच्या शास्त्रात आधीपासून होता. रूथ विधवाही होती आणि परकीही, म्हणजे कागदावर तिचा हक्क दुहेरी होता. तरी बवाज काय करतो? गड्यांनी तिच्या अंगाला हात लावू नये अशी ताकीद देतो, तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या पाण्यातून पिण्यास सांगतो, तिचा पाणउतारा करू नका म्हणतो. एकट्या परक्या तरुण बाईला कणसे वेचण्याचा हक्क असून भागत नाही, शेतात सुखरूप उभे राहता आले पाहिजे, हे त्याला कळले होते. गठ्ठा आणणारा माणूस घरात एकट्या असलेल्या बाईशी कसा बोलतो, हा प्रश्न आमच्या सभेत कोणी विचारलाच नव्हता. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे, जेथे दहापेक्षा कमी कामगार आहेत तेथील स्त्रियांसाठी जिल्ह्याला एक स्थानिक समिती असते. ही माहिती महिला मंडळांनी आपल्या वहीत लिहून ठेवावी.

आपल्या पूर्वजांच्या पानांतून

हे सर्व अमेरिकेतून शिकण्याची आपल्याला गरज नव्हती, असे आम्हाला अलीकडे वाटू लागले आहे. अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला सुरू झाला. त्याच ज्ञानोदयात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत ती शिकत होती. ती ख्रिस्ती नव्हती. जातीच्या जुलुमाविषयी तिने लिहिलेच, पण एका ठिकाणी ती आपल्या समाजातल्या बाळंतिणीकडे वळते : डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पाऊस अंगावर, आणि तशात प्रसूती. बाळंतपण ब्राह्मणाच्या घरीही होत होते आणि जातीचा जुलूम मांगाच्या पुरुषावरही होत होता. पण उघड्यावर बाळंत होणे हे जिच्या वाट्याला आले तिच्याविषयी लिहिले ते या मुलीने, क्रेनशॉबाईंच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षे.

पंडिता रमाबाईंचेही पाहा. १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले ते मुख्यत्वे उच्चवर्णीय बालविधवांसाठी. त्यांना आपला जातिधर्म पाळून शिकता यावे म्हणून स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था होती. त्यावर आज कोणी नाक मुरडील. पण ती नसती तर त्या मुली आल्याच नसत्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि छप्पनच्या दुष्काळात आपल्या गुजरातेतून नाना जातींच्या उपाशी मुली केडगावला आणल्या गेल्या, तेव्हा एका घराने भागेना. मुक्तिसदनात अंध मुलींसाठी बार्तिमी सदन, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीतिसदन अशी घरे झाली. बाईंचे काम वाढले म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. समोर आलेल्या बाईला पाहून त्यांनी आपले घर बदलले, हे आम्हाला अधिक मोठे वाटते.

आणखी एक गोष्ट थोडक्यात, कारण ती पुष्कळ घरांत बोलली जाते आणि व्यासपीठावर टाळली जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदामुळे दलित समाजातून आलेला ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. शीखांना १९५६ साली व बौद्धांना १९९० साली त्या आदेशात जागा मिळाली. म्हणजे दलित ख्रिस्ती स्त्री सरकारच्या लेखी दलित नाही, चाळीतल्या शेजारणीच्या लेखी आहे, आणि सोयरीक जुळविताना आमच्या काही ख्रिस्ती घरांच्या लेखीही आहे.

त्यानंतर काय झाले

पुढच्या वर्षी महिला मंडळाने मावची बोलणाऱ्या दोन भगिनींना सेवेसाठी निवडले आणि यादी त्यांच्या हाती दिली. त्यांनी पहिल्या महिन्यातच 'विधवा' हा शब्द काढून 'एकटी' असा घातला, पतीच्या सहीची अट काढली, आणि सभा चर्चमधून उचलून वस्तीतल्या एका ओट्यावर नेली, गुरुवारी सकाळी दहाला. बायका हातातले काम सोडत नाहीत. खडे चिकटवीत वचन ऐकतात. सुरुवातीला आम्हाला ते उपासनेस शोभत नाही असे वाटले होते.

रेशनचा मार्ग त्यांनीच शोधला. २०१९ पासून टप्प्याटप्प्याने देशभर सुरू झालेल्या सोयीप्रमाणे कार्ड दुसऱ्या राज्याचे असले तरी धान्य घेता येते, कार्ड हातात नसले तरी त्याचा क्रमांक किंवा आधार क्रमांक चालतो, आणि कुटुंबाच्या वाट्यातील थोडे धान्य येथे व बाकीचे गावी असेही घेता येते. अंगठा मात्र उमटावा लागतो. मजुरी करणाऱ्या बोटांचा तो पहिल्या खेपेस उमटतोच असे नाही. घरी काम करणाऱ्या बायकांची नावे ई-श्रम नोंदणीत घातली. ही नोंदणी २०२१ साली सुरू झाली. टाकलेल्या पत्नीला पोटगीचा अर्ज ती राहते तेथील न्यायालयात करता येतो, आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिची मिळकत कितीही असली तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे आमच्यापैकी निम्म्यांना माहीत नव्हते, आणि डिप्लोमा घेतलेल्या आम्हालाही नव्हते.

सारे गोड झाले असे नाही. यादी वाढली, निधी तेवढाच राहिला. पूर्वी ज्या विधवा मातांना महिन्याला ठरलेली रक्कम मिळे, ती कमी करावी लागली आणि त्यांच्यातून कुरकुर आली. तीही कुरकुर खोटी नव्हती. सातांची निवड झाल्यावर इब्री विधवांच्या ताटात किती उरले, हे लूक सांगत नाही. आम्ही ख्रिस्तजयंतीच्या सजावटीचा खर्च त्या निधीत वळविला, तरी पूर्वीची रक्कम भरून निघाली नाही.

ती भगिनी ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर परत आली. मुलाचे एक वर्ष गेले होते. जूनमध्ये त्याला पुन्हा त्याच इयत्तेत बसविले. तिने त्या दोघींना तिच्या बोलीत एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला कधी सांगितली नव्हती. शिवणवर्गाच्या पहिल्या रविवारी गठ्ठा तसाच टाकून ती आली होती. दारात चपला काढून उभी राहिली. आत वहीत नावे लिहिणे चालले होते आणि प्रत्येकीला पतीचे पूर्ण नाव विचारले जात होते. थोडा वेळ ऐकून तिने चपला पायात घातल्या आणि ती परत गेली. नावे लिहून घेणारे आम्हीच होतो.